शब्द सगळे ओळखीचे तरी वाक्य कळत नाही? इंग्रजी इडियमचा, म्हणजे वाक्प्रचाराचा, अर्थ कसा लावायचा, पायरी पायरीने

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या टीममधली एक नवीन मुलगी, कामाला एकदम हुशार, इंग्लंडमधल्या एका क्लायंटचे वडील गेले म्हणून तिनं सांत्वनाचा मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला ते फार बरं झालं. त्यात लिहिलं होतं की तुमच्या वडिलांनी 'किक्ड द बकेट' हे ऐकून आम्हाला वाईट वाटलं. मी विचारलं हे कुठून आणलंस, तर म्हणाली, ताई शाळेत व्याकरणाच्या पुस्तकाच्या मागे यादी होती ना, किक द बकेट म्हणजे मरण पावणे, तेव्हाच पाठ केलेलं. आणि अर्थ चुकीचा नव्हताच हो. पण कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर आपण 'तुमचे वडील गचकले असं कळलं' म्हणतो का? अगदी तेच झालं असतं. आम्ही दोघींनी बसून तिथं 'पास्ड अवे' केलं आणि मग मेल गेला.

त्या पोरीची काहीच चूक नव्हती, चूक त्या यादीची. यादीत डाव्या बाजूला इडियम, उजव्या बाजूला मराठी अर्थ, बास. कोण कुणाला म्हणतं, कुठे म्हणतं, कौतुकानं म्हणतं की चिडून, यातलं काहीच नसतं, आणि खरं तर अर्थ तिथंच असतो. मी चौदा वर्षं पुण्यात बसून इंग्लंड-अमेरिकेच्या लोकांशी रोज बोलतेय, त्यातून जी पद्धत बसली ती खाली लिहितेय. एकदम सगळं करू नका, एकेक पायरी आठ-दहा दिवस वापरून बघा.

पायरी १: आधी ओळखा की हा इडियम आहे

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं. अवघड शब्द आला की आपण थांबतो, डिक्शनरी काढतो. पण इडियममध्ये शब्द सोपे असतात म्हणून आपण थांबतच नाही, सरळ अर्थ लावून पुढे जातो आणि फसतो. म्हणून खूण एकच लक्षात ठेवा, शब्द सगळे येतायत पण ते वाक्य त्या जागी बसत नाहीये असं वाटलं की तिथं थांबायचं.

उदाहरणं देते, आणि ही यादीतली मांजरं-कुत्री-बादल्यावाली नाहीत, रोज कानावर पडणारी आहेत. तुम्ही काहीतरी सांगितलं आणि समोरचा म्हणाला 'कम अगेन?', तर तो परत यायला सांगत नाहीये, ऐकू आलं नाही, पुन्हा बोला म्हणतोय. चहा घेणार का विचारलं आणि उत्तर आलं 'आय ॲम गुड', तर त्याचा अर्थ नको, चालेल मला असंच. माझ्यासमोर एकानं हे ऐकून पाहुण्याला कप भरून दिला होता, त्याला वाटलं माणूस खूश आहे म्हणजे हो. तुम्ही म्हणालात काय उकडतंय आज, आणि समोरची म्हणाली 'टेल मी अबाउट इट', तर कृपा करून उकाड्याबद्दल अजून सांगायला लागू नका, ती म्हणतेय 'मला काय सांगतेस, मीही तेच भोगतेय'. 'यू कॅन से दॅट अगेन' पण तसंच, पुन्हा म्हणायला सांगत नाहीत, शंभर टक्के बरोबर बोललात असा अर्थ. एक प्रश्न विचारू का म्हटल्यावर 'शूट' म्हणाले तर विचारा बिनधास्त. 'हाऊ कम' म्हणजे कसे येता नाही, तर असं कसं काय, का बरं. आणि 'आय ॲम अफ्रेड वुई कान्ट डू दॅट' यात कुणी घाबरलेलं नसतं, नकार द्यायचाय पण सौम्यपणे, आपण 'माफ करा पण जमणार नाही' म्हणतो तसं.

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडला गेली होती. शेजारच्या बाई रोज सकाळी दारात भेटल्या की विचारायच्या 'यू ऑलराइट?' आणि पुढे चालू पडायच्या. मावशीला चार दिवस वाटत राहिलं की आपला चेहरा आजारी दिसतोय की काय, तिनं लेकीला विचारलं सुद्धा की माझा बीपी बघ गं एकदा. तिथं हे नुसतं 'काय, बरं का?' असतं, उत्तरात आपणही 'यू ऑलराइट?' म्हटलं तरी चालतं. तिला मी एवढंच म्हटलं, मावशी, आपण नाही का कुणाच्या घरातून निघताना 'येते हं' म्हणतो. जाताना येते! नवीन मराठी शिकणारा माणूस दाराशी थांबूनच राहील बिचारा. आणि देवघरात नारळ 'वाढवणे', बांगडी 'वाढवणे', दुकान 'वाढवणे', याचे सरळ अर्थ लावायला गेलं तर काय होईल विचार करा. आपल्याला हे लहानपणापासून कानावर पडून येतं म्हणून त्यात काही विचित्र वाटत नाही. इंग्रजीतही तेच आहे, फक्त आपले कान उशिरा लागलेत.

पायरी २: डिक्शनरीच्या आधी आजूबाजूला बघा

बहुतेक वेळा अर्थ शेजारच्या वाक्यात पडलेला असतो. समजा मेल आला: 'कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर? डझन्ट हॅव टू बी एक्झॅक्ट, आय जस्ट नीड समथिंग फॉर द बजेट.' इथं बॉलपार्क माहीत नसलं तरी पुढच्याच वाक्यात सांगितलंय की अचूक नको, बजेटसाठी काहीतरी आकडा हवाय, म्हणजे अंदाजे आकडा. झालं. स्वतःला तीन प्रश्न विचारायचे: माणूस खूश आहे की वैतागलाय, माझ्याकडून काही मागतोय की नुसतं सांगतोय, आणि हे वाक्य काढून टाकलं तर काय राहतं. अंदाज चुकला तरी चालेल, पण आधी अंदाज करून मग बघितलेला अर्थ डोक्यात बसतो, नुसता बघितलेला संध्याकाळपर्यंत उडून जातो.

पायरी ३: हा कुठल्या मैदानावरून आलाय ते शोधा

मला स्वतःला सगळ्यात जास्त मदत याची झाली. इडियम सुटे सुटे पाठ केले तर हजार वाटतात, पण ते घराण्याघराण्यानं येतात, एक घराणं कळलं की दहा-पंधरा आपोआप सुटतात.

अमेरिकन लोकांशी काम असेल तर बेसबॉलची तोंडओळख करून घ्याच, यूट्यूबवर अर्धा तास पुरतो. पिचर चेंडू टाकतो, बॅटर होम प्लेट नावाच्या जागेशी उभा राहतो, चेंडू मारला की मैदानावरच्या ठरलेल्या जागांना, म्हणजे एकेक बेसला, पाय लावत धावायचं. आता बघा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क करणे, बोलून घेणे. 'कव्हर ऑल द बेसेस' म्हणजे सगळ्या बाजू बघून ठेवणे. 'कर्व्हबॉल' हा हवेत वळणारा चेंडू, म्हणून 'ही थ्रू मी अ कर्व्हबॉल' म्हणजे अचानक भलतंच काहीतरी समोर टाकलं, आपण 'गुगली टाकली' म्हणतो ना तेच. 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे पुढे होऊन जबाबदारी घेणे. 'रेन चेक' तर मला फार आवडतो. पावसानं मॅच रद्द झाली की पुन्हा कधीतरी येण्यासाठी प्रेक्षकांना जे तिकीट मिळायचं ते रेन चेक, त्यामुळे जेवायला बोलावल्यावर कुणी 'कॅन आय टेक अ रेन चेक?' म्हणालं तर ते आज नाही जमणार पण नंतर नक्की येईन असं म्हणतायत, हवामानाचा काही संबंध नाही.

इंग्लंडचे असतील तर आपलं काम सोपं, क्रिकेट आपल्याला येतं. पूर्वी पिच झाकायचे नाहीत, पाऊस पडून वर ऊन आलं की ते चिकट व्हायचं आणि बॅट्समनचे हाल व्हायचे, म्हणून 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीच्या जागी सापडणे. 'ऑफ हिज ओन बॅट' म्हणजे कुणी न सांगता स्वतःहून केलेलं. 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' हे वय होऊन गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात, चांगलं आयुष्य जगले, पण हेही घरातल्या लोकांनी म्हणावं, आपण मेलमध्ये लिहू नये. 'हॅट-ट्रिक' तर आपण मराठीच करून टाकलाय, तो आला १८५८ च्या शेफील्डमधल्या मॅचमधून, एच. एच. स्टीफन्सननं लागोपाठ तीन चेंडूंवर तीन विकेट घेतल्या आणि लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट दिली.

बॉक्सिंगमधून 'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हार मानणे, 'बिलो द बेल्ट' म्हणजे नियम सोडून केलेला वार. जहाजावरचं घराणंही मोठं आहे. शिडाच्या जहाजावर नवीन पोऱ्याला आधी दोर शिकायला लागायचे, म्हणून 'लर्न द रोप्स' म्हणजे कामातल्या खाचाखोचा शिकणे, आणि 'ऑल हॅन्ड्स ऑन डेक' मधले हॅन्ड्स म्हणजे खलाशी, सगळ्यांनी कामाला लागा. पत्त्यांमधून 'फॉलो सूट', म्हणजे आधीच्यानं केलं तेच आपण करणे, आणि 'पास द बक', म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे. हॅरी ट्रुमन अमेरिकेचे अध्यक्ष असताना त्यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती, म्हणजे इथून पुढे ढकलाढकली नाही, शेवटची जबाबदारी माझी.

इतिहासातूनही येतात. १८१५ मध्ये नेपोलियन वॉटर्लूला हरला, तेव्हापासून 'ही मेट हिज वॉटर्लू' म्हणजे जिंकत आलेल्या माणसाचा शेवटी जिथं निकाल लागला ती जागा. आपल्याला हे समजावून सांगायला नको, १७६१ नंतर आपण 'पार पानिपत झालं' म्हणतोच की.

फक्त एक सांगते, उगमाच्या गोष्टी व्हॉट्सॲपवर आल्या की लगेच खऱ्या धरू नका. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे धो धो पाऊस पडणे, याबद्दल फिरतं की जुन्या काळी गवताच्या छपरावर प्राणी झोपायचे आणि पावसात खाली पडायचे, ते खोटं आहे. 'सेव्हड बाय द बेल', म्हणजे ऐन वेळी सुटका होणे, याबद्दल जिवंत पुरलेल्या माणसानं वाजवलेल्या घंटेची गोष्ट सांगतात, तीही खोटी, ती बॉक्सिंगची राउंड संपल्याची घंटा आहे. उगम लक्षात ठेवायला मदत करत असेल तर घ्या, पण अर्थ नेहमी आजच्या वापरावरून ठरवा. आणि हो, ते मांजर-कुत्र्यांचं आज फारसं कुणी बोलत नाही, 'इट्स पोअरिंग' म्हणतात.

पायरी ४: बोलणारा कुठला आहे ते बघा

मी स्वतः इथं ठेच खाल्लीय. इंग्लंडच्या एका मीटिंगआधी त्यांचा मेल आला, 'लेट्स टेबल द प्रायसिंग इश्यू'. मी आधी पाच वर्षं अमेरिकेच्या प्रोजेक्टवर होते, तिथं टेबल करणे म्हणजे विषय बाजूला ठेवणे, नंतर बघू. मी तो विषय अजेंड्यातून काढला, आकडे काहीच तयार केले नाहीत आणि मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न त्याच्यावर आला, कारण ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणे म्हणजे चर्चेला घेणे. बरोब्बर उलट! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांमध्येही याच शब्दावरून लांबलचक वाद झाला होता, चर्चिलनं लिहून ठेवलंय, आणि दोघांनाही खरं म्हणजे तो विषय लगेच घ्यायचा होता.

'क्वाइट गुड' पण असंच. अमेरिकन माणूस म्हणाला तर खूप चांगलं, ब्रिटिश म्हणाला तर बरेचदा 'बरंय' एवढंच. उलट ब्रिटिश माणसाचं 'नॉट बॅड' म्हणजे बऱ्यापैकी कौतुक असतं, आपल्याकडं कोल्हापूरकडची मंडळी छान झालेल्या रश्शाला 'काय वाईट नाही' म्हणतात तसं.

आणि तिसरा देश म्हणजे आपण. आपलं इंग्रजी आपलं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण बाहेरच्यांशी बोलताना कुठलं समजणार नाही हे माहीत हवं. 'आय पास्ड आउट इन २०१५' म्हटलं तर त्यांना वाटतं तुम्ही बेशुद्ध पडला होतात, तिथं 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'आउट ऑफ स्टेशन' त्यांना कळत नाही, 'आउट ऑफ टाउन' कळतं. 'डू द नीडफुल' ऐवजी नेमकं काय करायचं ते लिहा. 'प्रीपोन' तिथं बऱ्याच लोकांनी ऐकलेलं नसतं, 'मूव्ह इट अप' किंवा 'ब्रिंग इट फॉरवर्ड' म्हणा.

पायरी ५: मराठी जोडी लावा, पण तपासून

काही जोड्या इतक्या चपखल बसतात की पाठ करायची गरजच नाही. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर' म्हणजे आगीतून फुफाट्यात. 'वन्स बिटन ट्वाइस शाय' म्हणजे दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी' म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. 'बटर अप' म्हणजे लोणी लावणे, लोणी दोन्हीकडे सारखंच! आणि 'आय डिडन्ट हॅव द हार्ट टू टेल हर', याला 'तिला सांगायला माझा जीवच होईना' यापेक्षा चांगलं काही सापडणार नाही.

धोका तिथं आहे जिथं शब्द सारखे आणि अर्थ वेगळा. 'आर यू पुलिंग माय लेग?' म्हणजे माझी गंमत करतोयस का, प्रेमानं, हसत. आपलं 'पाय ओढणे' म्हणजे पुढे जाणाऱ्याला खाली खेचणे. आमच्या एका सहकाऱ्यानं 'माय कलीग्ज आर ऑलवेज पुलिंग माय लेग' अशी मॅनेजरकडे गंभीर तक्रार केली आणि मॅनेजर म्हणाले वा, छान टीम आहे तुमची. त्याचं दुखणं तसंच राहून गेलं, मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून शरीराचे अवयव आले, पाय, नाक, कान, हात, की जोडी लावण्याआधी एकदा डिक्शनरी बघायचीच.

पायरी ६: डिक्शनरी वाचायला शिका

गूगल ट्रान्सलेट इडियमचं कधीकधी शब्दशः करून टाकतं, त्याच्यावर सोडू नका. केंब्रिज, लाँगमन, मेरियम-वेब्स्टर या तिन्ही डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत. पूर्ण इडियम टाइप करा, नाही सापडला तर त्यातलं मुख्य नाम टाकून खाली बघत जा.

मग अर्थाच्या आधी जे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा: इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, यूके, यूएस, ऑफेन्सिव्ह. किक द बकेटच्या पुढे इन्फॉर्मल असं लिहिलेलं असतं, ते बघितलं असतं तर तो मेल तसा लिहिलाच गेला नसता. दुसरं, 'वन्स' (one's) आणि 'समवन्स' (someone's) यातला फरक. 'चेंज वन्स माइंड' मध्ये वन्स आहे म्हणजे जो करतो त्याचंच मन, आय चेंज्ड माय माइंड. 'पुल समवन्स लेग' मध्ये समवन्स आहे म्हणजे दुसऱ्याचा पाय. ही एवढी गोष्ट मला कुणी शाळेत सांगितली असती तर कितीतरी वाक्यं चुकायची वाचली असती.

तिसरं, काय बदलतं आणि काय नाही. क्रियापदाचा काळ बदलतो, बाकी बहुतेक वेळा हात लावायचा नाही. 'स्पिल द बीन्स', म्हणजे गुपित फोडणे, हे बीन्सऐवजी राजमा घालून होत नाही. 'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे अगदी क्वचित, याला 'ट्वाइस' करता येत नाही. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं तर खरोखर बादलीला लाथ मारली असाच अर्थ होतो.

आणि यूग्लिश नावाची साइट आहे, तिथं इडियम टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंमध्ये लोक तो प्रत्यक्ष बोलतायत तेवढाच तुकडा ऐकायला मिळतो. पाच-सहा तुकडे ऐका, चेहरे बघा, हसत म्हणतायत की तोंड पाडून ते लगेच कळतं.

पायरी ७: वही ठेवा, आठवड्याला पाचच

यादी नको, एका इडियमला चार ओळी. तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य, कोण कुणाला म्हणालं, आपण मराठीत त्या वेळी काय म्हटलं असतं, आणि हा मी वापरू की फक्त समजून घेऊ. शेवटची ओळ फार कामाची आहे, कारण समजायला हजार हवेत पण वापरायला पन्नास पुरतात. माझा नियम असा की तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकल्याशिवाय मी स्वतः वापरत नाही.

सुरुवात ऑफिसवाल्यांनी यांनी करावी: 'लूप मी इन' म्हणजे मलाही त्या बोलण्यात किंवा मेलवर घ्या. 'सर्कल बॅक' म्हणजे या विषयावर नंतर परत येऊ. 'लेट्स टेक इट ऑफलाइन' म्हणजे हे मीटिंगबाहेर दोघं बोलू, यात इंटरनेट बंद करायचं काही नाही. 'आय डोन्ट हॅव द बँडविड्थ' म्हणजे माझ्याकडे आत्ता सवड नाही. 'लो हँगिंग फ्रूट' म्हणजे कमी कष्टात हाती लागणारं काम. 'हेड्स अप' म्हणजे आधीच दिलेली कल्पना. 'प्ले इट बाय इअर' म्हणजे आधी ठरवायचं नाही, जसं होईल तसं बघू. 'डझ दॅट रिंग अ बेल?' म्हणजे काही आठवतंय का. 'कीप मी पोस्टेड' म्हणजे कळवत राहा.

पायरी ८: भर मीटिंगमध्ये अडलं तर

मान हलवून पुढे जाऊ नका, सगळा घोळ तिथंच होतो. दोन वाक्यं जिभेवर ठेवा. एक, 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' आणि दुसरं, मला जास्त आवडणारं, 'जस्ट टू कन्फर्म, यू मीन...' आणि पुढे तुमचा अंदाज साध्या शब्दांत. टेबलच्या त्या प्रकारानंतर मी इंग्लंडवाल्यांना दर वेळी विचारते, 'जस्ट टू कन्फर्म, यू मीन वुई डिस्कस इट टुडे?' आणि ते 'येस, टुडे' म्हणतात, मग मी आकडे उघडते.